व्हिडिओत टांगलेली वाकळ

“आगं बये, ते माझं इरकल लुगडं हाय! पोराच्या मागं टांगलंय बघ! चोरटे!”

हा आवाज माझ्या मांडीवरच्या फोनमधून आला. आवाज थोरल्या जावेचा. ती जळकोटला तिच्या घरी बसून मोबाइलवर माझ्या लेकाला बघत होती आणि बघता बघता दुसऱ्या फोनवरून तिनं मला फोन लावला होता. माझा लेक नळदुर्गला आमच्या घरात कॅमेऱ्यापुढं उभा राहून दहा आज्ञांमधली ‘चोरी करू नको’ ही आज्ञा समजावून सांगत होता. फोन बंद ठेवा असं त्यानं बजावलं होतं, पण माझ्या बटणाच्या डबड्याला मी फोन धरत नाही. त्यात मला ऐकू कमी येतं, म्हणून त्याचा आवाज कायम मोठा. जावेचं बोलणं लेकानं ऐकलं, सुनेनं ऐकलं आणि आपापल्या घरी जे बघत होते त्या सगळ्यांनी ऐकलं.

लेक आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे. आधी तो मोटारसायकलवर लोहाऱ्याला, जळकोटला, वस्त्यांवर जाऊन पवित्र शास्त्र शिकवायचा. मग त्याचा मणका बिघडला. मंडळीतली निम्मी माणसं कामाला पुण्याकडं गेली. म्हणून त्यानं ठरवलं, दर गुरुवारी संध्याकाळी सातला व्हिडिओवर शिकवायचं, जो जिथं असेल त्यानं तिथं ऐकायचं. हे जमलं नाही तर मंडळी विखरून जाणार, हे तो बोलून दाखवत नव्हता. त्याची भाकरी मात्र दोनाची एक झाली होती.

हा पहिलाच गुरुवार होता. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमत होता, बाहेर हायवेवरच्या ट्रका वेगळ्याच. सुनेनं उपाय काढला, भिंतींना वाकळा टांगायच्या. जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली जाड वाकळ आवाज पिऊन टाकते. कल्पना चांगली होती, मान्य करते. पण तिनं माझी वाकळ उचलली आणि उलटी टांगली.

“आत्याबाई, ही बाजू रंगीत दिसती,” असं ती म्हणाली म्हणे. मी चुलीपाशी भाकरी थापत होते, ऐकलंच नाही. चाळीस वर्षं मी ती बाजू खाली घालून झोपले होते.

आता लुगड्याचं सांगते. तेव्हा आमचं घर एकत्र होतं. दिरानं सोलापुरातून जावेला हिरवं इरकल आणलं, तांबड्या पदराचं. ते नेसून ती एका दिवसात तीनदा आडावर गेली, पाणी एकदाच आणलं. मी पोटुशी होते आणि माझ्या अंगावर ठिगळाचं लुगडं. तिचं वाळत घातलेलं मी ओढलं, तुकडे केले आणि वाकळेत शिवून टाकलं. लेक त्याच वाकळेवर वाढला. जावेनं आळ घेतला तो बोहारणीवर, जुन्या कपड्यांवर भांडी द्यायला यायची तिच्यावर. तिला परत गल्लीत पाय ठेवू दिला नाही. मी गप्प बसले.

त्या गुरुवारी मात्र गप्प बसले नाही, खोटं बोलले. “अक्का, लुगडी सारखीच असत्यात.”

“सारखी? माझ्या पदराला तुझ्या दिराच्या बिडीचं भोक हाय! बाळ, बघ रं कडंला!”

लेक वळला. भोक सापडलं. कॅमेरा चालू असताना त्यानं त्यात बोट घालून बघितलं. मग सुनेनं सगळं बंद केलं.

दोन दिवस फोन वाजत होते. शिकवण कशी झाली हे कुणी विचारत नव्हतं. लोहाऱ्याच्या एकानं तर विचारलं, पुढच्या आज्ञेला काय टांगणार? लेक म्हणाला, “आई, मी आता कुठल्या तोंडानं शिकवू? बंद करतो हे.”

“तू का बंद करतो? चोरी तू केली का?”

आमच्या मंडळीत बायका उठून साक्ष देतात, देवानं आपलं काय केलं ते सांगतात. बहुतेक दुखणं बरं झाल्याची असते आणि लांबत जाते. पुढच्या गुरुवारी मी खुर्ची ओढून कॅमेऱ्यापुढं बसले, डोक्यावर पदर घेतला आणि चार वाक्यांत उरकलं. लुगडं मी चोरलं. आळ बोहारणीवर आला तेव्हा मी गप्प राहिले. तिची माफी मागते. जावेचीही मागते.

लगेच डबडं वाजलं.

“माझं नाव शेवटी घेतलंस व्हय? आन् रडली बी न्हाईस!”

“चोरलं तवा बी रडले न्हाय, अक्का.”

“माझं लुगडं उसवून दे.”

फोनमधून तिच्या घरातल्यांचं हसू ऐकू आलं. लेकही हसला, कॅमेऱ्यापुढंच, आणि मग त्यानं शास्त्र उघडलं. त्यानंतर बघणारे वाढले. लेक म्हणतो, ते शास्त्रासाठी येतात. मी वाद घालत नाही.

लुगडं उसवायला मला आठ दिवस लागले. तुकडे एसटीनं जळकोटला नेऊन दिले. जावेनं ते उजेडात धरून बघितले, भोक तपासलं आणि माझ्यासमोर त्या तुकड्यांचं पायपुसणं केलं. अजून तिच्या दारात आहे. मी गेले की मला त्यावर पाय पुसायला लावते.

गुरुवार चालू आहे. लेक, सून, जाऊ आणि मी, चौघंही आहोत. बोहारीण जिवंत तरी आहे का नाही, कुणाला माहीत नाही.