धरण देऊन टाकलं त्याची गोष्ट

एकेचाळिसाव्या वर्षी मी युनिव्हर्सिटीत जायचं ठरवलं, तेव्हा लंडनमधल्या आमच्या हॅरोच्या घरात सगळ्यात अवघड काम होतं सासूबाईंना कोर्स समजावून सांगण्याचं. त्या सहा महिन्यांसाठी नागपूरहून आल्या होत्या. माझं बी.कॉम. लग्नामुळे अर्धवट सुटलेलं, त्यामुळे पदवीच्या तीन वर्षांआधी मला एक फाउंडेशन इयर करावं लागणार होतं.

"फाउंडेशन म्हणजे पायाच ना? बांधकामाचं शिकणार का?"

"नाही आई. पॉलिटिक्स आणि इंटरनॅशनल रिलेशन्स. म्हणजे देशादेशांमधले संबंध."

"तुझी नणंद न्यू जर्सीत, दीर दुबईत. दर आठवड्याला एकेक फोन केलास तरी पुरे आहे."

ह्यांनी पेपरमागे हसू लपवलं आणि मी फॉर्म भरला.

वर्गात आम्ही चौदा जण होतो. बाकीचे एकोणीस-वीस वर्षांचे, वयाने मोठी दोनच माणसं: मी आणि एक रिटायर्ड बस ड्रायव्हर. ते लहानपणी जमैकाहून आलेले, साठीला टेकलेले, रोज टाय लावून यायचे. पहिल्या आठवड्यातच आमची मैत्री झाली, कारण कॉम्प्युटर रूममध्ये पासवर्ड विसरणारे आम्ही दोघंच.

नोव्हेंबरमध्ये ट्यूटरनी वाटाघाटींचा सराव ठेवला. दोन काल्पनिक देश, एक नदी. वरच्या देशाकडे धरण, खालच्या देशात दुष्काळ. मी वरच्या देशाची परराष्ट्रमंत्री झाले. आमची राष्ट्राध्यक्ष होती केस निळे रंगवलेली एक एकोणीस वर्षांची मुलगी. तिने मला कॉरिडॉरमध्ये गाठून बजावलं, "काहीही झालं तरी धरणाचा ताबा सोडायचा नाही. ओके?"

"ओके," मी म्हटलं.

समोर खालच्या देशातर्फे बसले होते बस ड्रायव्हर. त्या दिवशी त्यांना भयंकर सर्दी झाली होती. बोलायला तोंड उघडलं की खोकल्याची उबळ यायची. तरी बिचारे आपल्या शेतकऱ्यांची बाजू मांडत होते. मला ते बघवेना. मी माझी पाण्याची बाटली त्यांच्याकडे सरकवली आणि म्हटलं, "तुम्ही त्रास करून घेऊ नका. धरण तुम्ही वापरा. आम्ही बघून घेऊ आमचं."

ट्यूटरनी घड्याळ पाहिलं. वाटाघाटींना पन्नास मिनिटं दिली होती, त्यातली सात झाली होती.

राष्ट्राध्यक्षांनी मला तिथल्या तिथे मंत्रिमंडळातून काढलं. ट्यूटरनी हळू आवाजात विचारलं, हा निर्णय मी कुठल्या थिअरीच्या आधारे घेतला? मी म्हटलं, "त्यांना खोकला झाला होता." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

दुसरी फेरी दोन आठवड्यांनी होती. मंत्री व्हायला दुसरं कुणीच तयार नव्हतं, म्हणून मला परत घेतलं. मी लायब्ररीतून तीन जाड पुस्तकं आणली आणि किचन टेबलावर पसरून बसले. पण डोळे पुस्तकात असले तरी कान सासूबाईंकडे होते.

ह्यांनी विचारलं, "आई, वीकेंडला एडिनबरा बघून यायचं का?"

"बघू."

शेजारच्या गुजराती काकूंनी मंगळवारी दुपारी भजनाला बोलावलं.

"बघू."

माझी लेक म्हणाली, "आजी, मी माझे केस शॉर्ट कापू?"

"बघू."

आठवडा संपेपर्यंत एडिनबरा रद्द झालं, कारण तिथे फार थंडी. भजन गुरुवारवर गेलं, कारण मंगळवारी सासूबाईंची मालिका असायची. लेकीचे केस होते तेवढेच राहिले. सासूबाई कशालाही नाही म्हणाल्या नव्हत्या.

दुसऱ्या फेरीला बस ड्रायव्हर ठणठणीत होऊन, मोठी फाइल घेऊन आले. दोघांनी मिळून धरणाची तपासणी करायची का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "वी शॅल सी." उन्हाळ्यातलं पाणी? "वी शॅल सी." निळ्या केसांची मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. अर्ध्या तासाने त्यांनी फाइल मिटली, रुमालाने कपाळ पुसलं आणि आपणहून धरणाचा ताबा परत दिला. वर आम्हाला मासेमारीचे हक्कही दिले, जे मी मागितलेच नव्हते.

ट्यूटर म्हणाले, याला स्ट्रॅटेजिक अँबिग्युइटी म्हणतात, म्हणजे मुद्दाम हो-नाही काहीच स्पष्ट न सांगणं. नंतर कँटीनमध्ये बस ड्रायव्हर मला म्हणाले, "मला घरी बसून बायकोशी बोलतोय असं वाटत होतं."

मी घरी आल्या आल्या सांगितलं, "आई, तुमच्यामुळे आज धरण परत मिळालं."

"कुठलं धरण?"

"खरं नाही. वर्गातलं, काल्पनिक."

"मग एवढ्या थंडीत ट्रेनने गेलीस कशाला?" त्या म्हणाल्या. पण गॅसवर माझ्यासाठी चहा ठेवलेला होता, आणि माझी तिन्ही पुस्तकं त्यांनी टेबलाच्या एका कडेला नीट रचून ठेवली होती.

जूनमध्ये मी पास झाले. निबंधात मार्क कमी पडले, कारण संदर्भाच्या जागी मी दोनदा 'हे सर्वांना ठाऊक आहे' असं लिहिलं होतं. बस ड्रायव्हरही पास झाले. त्यांनी मिठी मारली तेव्हा मला रडूच आलं.

सप्टेंबरमध्ये डिग्रीचा पहिला दिवस. लेक्चर थिएटरच्या दाराशी एक घाबरलेली मुलगी मला म्हणाली, "मिस, मी दहा मिनिटं लेट आहे, आत येऊ का?"

"ये," मी म्हटलं. "मीही लेटच आहे."

मग आम्ही दोघी वाकून, चोरपावलांनी शेवटच्या रांगेत जाऊन बसलो.