लेकीच्या गावातलं भाड्याचं स्वयंपाकघर

मी लिहावं असं माझ्या आयुष्यात फारसं काही घडलेलं नाही, आणि जे घडलं ते नीट सांगता येईल याचीही खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून गावाला वाटतं की याला लिहितासुद्धा येत असेल. वाचणाऱ्यांनी आधीच माफ करावं. समुद्रकाठच्या एका हॉटेलात आम्ही चार दिवस राहिलो, एवढीच ही हकीकत आहे.

आमचं गाव नरडाण्याच्या अलीकडे. मी धुळ्याला वसतिगृहात राहून शिकत होतो. थोरल्या बहिणीला मी अक्का म्हणतो. तिचं लग्न आमच्याच भागातल्या मुलाशी झालं, पण दाजींची नोकरी टेलिफोन खात्यात, आणि बदली झाली ती थेट गोव्यात, समुद्राला लागून असलेल्या एका लहान गावात. लग्नाला तीन वर्षं झाली तरी आई आणि आबा तिच्याकडे गेले नव्हते. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं खात नाहीत. पाणीसुद्धा पीत नाहीत. अक्काला शेजारच्या गावी दिली असती तर सकाळी जाऊन संध्याकाळी उपाशीपोटी परत येता आलं असतं. गोव्याहून कसं येणार?

अक्काला अजून मूल नव्हतं. गावात बायका आईला आडून आडून विचारायच्या. अक्का पत्रात एवढंच लिहायची की समुद्र बघायला या.

शेवटी दाजींनीच तोड काढली. त्यांच्या घरापासून पायी जाता येईल अशा अंतरावर एका म्हाताऱ्या बाईंनी आपल्या जुन्या बंगल्याचे तीन भाग करून हॉटेल काढलं होतं. प्रत्येक भागाला वेगळा रंग, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकात स्वयंपाकघर. भाडंही बेताचं. भाडं मी देतो, असं दाजींनी कळवलं, तर आबा म्हणाले, "जावयानं भाडं भरलेली खोली म्हंजे जावयाचंच घर. मग काय उपयोग?" कापसाचे पहिले पैसे आले होते. दिवाळीच्या सुटीत आम्ही निघालो. सोबत ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, शेंगदाण्याचं तेल, मिरच्या, आणि भरताची वांगी एका वेगळ्या टोपलीत, मांडीवर. एस.टी. बदलताना आबा आधी टोपली उतरवायचे, मग आईला हात द्यायचे.

आमच्या वाट्याला पिवळा भाग आला. आईनं आधी स्वयंपाकघर गाठलं. ओटा, गॅस, ताटं, तवा, सगळं तिनं हात लावून बघितलं आणि ओरडली, "आठे ते बठ्ठं शे!" म्हणजे इथे तर सगळं आहे. तरी काडेपेटी मात्र तिनं पिशवीतून घरचीच काढली.

दुपारी आम्ही अक्काच्या घरी गेलो. तिनं अंगण सारवल्यासारखं स्वच्छ केलं होतं. ती तांब्या घेऊन बाहेर आली, आणि मग तिलाच आठवलं. तांब्या हातात तसाच राहिला. आबा ओसरीवरच बसले, घराकडे बघून म्हणाले, "चांगलं शे घर. हवा येते." अक्का हसली आणि आत गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही. मला कॉलेजात शिकलेलं काहीतरी आबांना सांगावंसं वाटलं, पण कसं सांगावं ते सुचेना.

आम्ही रोज आपल्याच खोलीत रांधून खातो आणि लेक येऊन नुसती बसते, हे मालकीणबाईंनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या सकाळी त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. त्या शाळेत मराठी शिकल्या होत्या, जपून जपून बोलत.

"मुलीशी भांडण झालं आहे काय?"

"नाही हो."

"मग तिचं घर इथे असताना माझ्याकडे का राहता? बघ, मी वडिलांशी बोलते."

मी अडवेपर्यंत त्या आत गेल्यासुद्धा. आबा गडबडून उठले. म्हणाले, "आंडेरना घरनं पानी नही चालत, बहीन." बाईंना अर्थातच काही कळलं नाही. लेकीच्या घरचं पाणी चालत नाही, असं मी सांगितलं. बाईंनी विचारलं, "खारं आहे काय?"

अक्का तेव्हाच दारात आली होती. ती इतकी हसली की तिला चौकट धरावी लागली. मग हसता हसताच तिनं विचारलं, "आबा, हे घर कोनं?" म्हणजे कोणाचं.

"या बाईनं."

"भाडं कोनं?"

"मनं." म्हणजे माझं.

"पीठ, वांगे, तेल?"

"आपलंच. इचारस काय अशी?"

"मग मी आठे रांधं तर तुमले चालई ना?"

आबांनी आईकडे पाहिलं. आईनं काडेपेटी अक्काच्या हातात दिली.

माहेरी आलेल्या लेकीला आई चुलीजवळ बसू देत नाही, त्यामुळे लग्नानंतर अक्काच्या हातचं आबांनी कधी खाल्लंच नव्हतं. तिनं मागच्या अंगणात नारळाच्या सुक्या झावळ्या पेटवून वांगी भाजली. आमच्याकडे पळकाट्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या वाळक्या काड्या वापरतात. झावळ्या भसकन पेटतात आणि विझतात, म्हणून दाजी सारखे पळत जाऊन नव्या आणत होते. "वांगं भाजतेस का गाव पेटवतेस?" आबा पायरीवरून चिडवत होते. भरीत थोडं करपलं. आबांनी तीन भाकरी खाल्ल्या. मालकीणबाईंना ताट दिलं, तर तिखटानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी संपवलं.

संध्याकाळी आम्ही वाळूत बसलो. आबा समुद्राकडे बघत म्हणाले, "एवढं पाणी, आणि एका शेतालाही कामाचं नाही." अक्का त्यांच्या शेजारी बसली होती. मग हळूच म्हणाली, "इथलं चाललं आबा. पण माझ्या घरी कधी?" आबांनी वाळूतला एक शिंपला उचलून खिशात घातला.

त्यानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात अक्का बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. पावसाळा सरत आल्यावर आबा तिला आणि नातीला पोचवायला गोव्याला गेले. माझी परीक्षा होती, मला जाता आलं नाही. वसतिगृहासमोरच्या मारवाडी किराणावाल्यांच्या दुकानात फोन होता. मी रोज पेपर झाला की तिथे जाऊन उभा राहायचो. शेठ म्हणायचे, "अरे, आला की हाक मारीन ना, जा, अभ्यास कर."

एके दुपारी त्यांनी खरंच हाक मारली. धावत जाऊन रिसीव्हर कानाला लावला. खरखरीतून अक्काचा आवाज आला.

"आबा जेवले."

"पाणी प्यायले?"

"अरे, दारात चप्पल काढायच्या आधीच मागितलं."