बांधी धरली

लकवा मारल्यावर ह्यांच्या तोंडात एकच शब्द उरला, तो म्हणजे बांधी. माझं नाव गेलं, लेकीचं गेलं, चहा गेला, देवाचं नावसुद्धा गेलं. आमच्या भंडाऱ्याकडे धानाच्या शेताच्या एका तुकड्याला बांधी म्हणतात. चारही बाजूंनी मातीचा धुरा, म्हणजे बांध, आणि आत धरून ठेवलेलं पाणी. शेतकऱ्याच्या तोंडी शेवटी बांधीच उरावी, याचं कोणाला नवल वाटलं नाही. मला मात्र रागच आला. इतकी वर्षं ह्यांच्या चुलीशी जळले मी आणि उरली कोण, तर बांधी.

नागपूरच्या दवाखान्यातून निघताना तिथल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. ते जे म्हणतात ते समजून घ्या, म्हणाल्या. समोरच्याला आपलं कळत नाही असं दोनचारदा झालं की असा माणूस बोलायचंच सोडतो, मग आहे तो शब्दही जातो. ते मी पदराला गाठ मारून आमच्या गावी, अड्याळला आणलं.

घरी आलो तेव्हा धानाची रोवणी, म्हणजे लावणी, नुकतीच आटोपली होती. छपरीत ह्यांची खाट टाकली. पहिल्याच दिवशी डावा हात समोर करून ते म्हणाले, "बांधी." मी लगेच धाकट्या दिराला शेतावर पिटाळलं. तो चिखलाच्या पायांनी परत आला. "वहिनी, बांधी तट्ट भरली आहे. दादाले सांगा, काई काळजी नाई." मी सांगितलं. ह्यांनी मान फिरवली आणि पुन्हा तेच, जरा जोरात. दुसऱ्या दिवशी दीर मोबाइलवर शेताचा व्हिडिओ काढून घेऊन आला. तो बघताना ह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही ह्यांना खुर्चीसकट ऑटोत घातलं आणि शेतावर नेलं. धुऱ्यावर बसवलं. हिरवंगार धान बघून हे रडले. आम्हाला वाटलं, जिंकलो. घरी येऊन खाटेवर टेकवलं, तर समोर हात करून, "बांधी."

काय करावं मला सुचेना. पाणी दिलं, पंखा लावला, सातबारा काढून दाखवला. शेजारची म्हणाली, शेतातल्या देवाचं काही राहिलं असेल, तर नारळही फोडून झाला. हळूहळू ह्यांचं म्हणणं कमी झालं. दिवसातून दहादा म्हणायचे ते दोनदा, मग एखाद्या दिवशी एकदाही नाही. बाईंनी सांगितलं होतं तसंच होऊ लागलं होतं आणि मी नुसती बघत होते.

छपरीत, खाटेच्या अगदी समोर, ह्यांची गेअरची सायकल भिंतीला टेकून उभी होती. शुगर निघाली तेव्हा लेकीनं हैदराबादहून पाठवलेली, डोंगरात चालवायची, जाड टायरांची. आमच्याकडे डोंगर पार तिकडे आंबागडला, इथं नुसता चिखल. पण ह्यांना तिचं भारी वेड. रोज सकाळी शेतावर जायचे आणि धुऱ्यावर पडलेले बाभळीचे काटे चाकात घेऊन यायचे. "सायकलवर जाता आणि सायकल घेऊन येता," असं मी चिडवायची. मग ह्यांनी कुठंतरी पाहिलं की टूब काढूनच टाकता येते. आत पांढरं दूध ओतायचं, काटा रुतला की ते दूध भोक बुजवतं. सामान मागवलं. ते आलं तेव्हा हे दवाखान्यात होते. दिरानं कुरियरवाल्याकडून खोका घेतला आणि कोठीत टाकून दिला.

हवा जाऊन दोन्ही चाकं बसलेली ती सायकल मला बघवेना. ह्यांनाही तिचाच त्रास होत असेल, असं मनानं घेतलं. म्हटलं, नजरेआड करावी. एका सकाळी हे झोपलेले असताना मी ती ओढत बसस्टँडजवळच्या पंक्चरच्या दुकानात नेली आणि मिस्त्रीला म्हणाले, ठेवून घे, मागेन तेव्हा दे.

मिस्त्रीनं विचारलं, सामान आलं का. मी म्हटलं, आलं, आता काय करायचं त्याचं. तो हात पुसत उठला.

"भाऊ तं म्हणत, टूब काढली का चाकाची बांधी होते. रिंगची भोकं म्हणजे धुऱ्यातली खेकड्याची बिळं, एक जरी राहिलं का पाणी जाते तशी हवा गेली. मले म्हणे, सामान आलं का आपण दोघं मिळून बांधी करू."

मी तिथंच जुन्या टायरांच्या ढिगावर बसले. महिनाभर ते समोर हात करत होते आणि समोर काय आहे ते मी एकदाही बघितलं नव्हतं. शेत कोसभर लांब आणि सायकल चार हातांवर. इतकी अक्कल माझी. मिस्त्रीनं पाणी आणून दिलं, ते प्यायले आणि सायकल परत ओढत घरी आणली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री दुकान बंद ठेवून आला. सगळं ह्यांच्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे, एवढी एकच अट मी घातली. त्यानं टूब काढल्या. रिंगमध्ये तारा अडकवायची भोकंच भोकं होती. ती पुसून त्यावर पिवळी चिकटपट्टी ताणून दोन वेढे घातले, हवा भरायची पितळी नळी बसवली, टायर चढवलं, कडेला साबणाचं पाणी लावलं आणि पंप मारायला घेतला. एका बाजूनं हवा आत आणि चारी बाजूंनी बाहेर. तो घामाघूम झाला, मग मी मारला, मग दिरानं मारला. टायर काही रिंगला चिकटेना. मिस्त्री म्हणाला, टूब नाही तर हवा एका दमात गेली पाहिजे, ते हातपंपाचं काम नव्हे. मग तो ठेल्यावर घालून दुकानातली विजेवरची हवेची टाकी घेऊन आला. ती लावली आणि लाईट गेली. दोन तास आम्ही तिघं टाकीकडे बघत बसलो, हे आमच्याकडे बघत पडून राहिले.

लाईट आली. हवा घुसली आणि टक्, टक् करत टायरची कड रिंगमध्ये जाऊन बसली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ओठाचा डावा कोपरा थोडा हलला. मिस्त्रीनं नळीतून दूध ओतलं, चाक गरागरा फिरवलं. मागच्या चाकाचंही तसंच झालं. मी त्याला चहाबरोबर शिरा करून घातला.

सकाळी पुढचं चाक जमिनीला टेकलेलं होतं. तारांच्या मुळाशी पांढरे थेंब सुकले होते. मी पंप मारला, दुपारी पुन्हा तेच. मिस्त्रीला बोलावलं तर म्हणाला, पट्टी कुठंतरी फसली असेल, सगळं उघडून पुन्हा करावं लागेल, पण आज दुकानात गर्दी आहे. मग माझं डोकं फिरलं. मीच पाना घेतला. टायर उपसताना ते दूध लुगड्यावर, फरशीवर, केसांत. मी चाकाला शिव्या दिल्या, लेकीला दिल्या, बाभळीला दिल्या, आणि खोटं कशाला बोलू, ह्यांनाही दिल्या. मग रिकामी रिंग पुसून ह्यांच्या खाटेवर, डाव्या हातापाशी ठेवली. म्हटलं, घ्या तुमची बांधी, तुम्हीच पाहा खेकडा कुठं आहे.

ह्यांनी अंगठा पट्टीवर ठेवला आणि हळूहळू सरकवत नेला. अर्ध्यावर येऊन थांबला. दमले असतील, असं मला वाटलं. मी हात बाजूला केला, तर बरोबर त्याच जागी पट्टीला बारीक सुरकुती होती.

नवीन पट्टी लावली. टाकी आणायला मिस्त्रीच यावा लागला. यावेळी सकाळी चाक तसंच टणक होतं. मी दाबून पाहिलं आणि ह्यांना म्हटलं, "बांधी धरली हो." हे म्हणाले, "बांधी." त्या दिवशी किती दिवसांनी मी पोटभर जेवले.

हे सगळं मी नागपूरच्या बाईंना फोनवर हरखून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काकू, कधी कधी एकच शब्द अडकून राहतो. प्रत्येक वेळी त्यात अर्थ असेलच असं नाही. शोधत बसू नका, दमून जाल." आधी म्हणे समजून घ्या, आता म्हणे शोधू नका. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि भाजी चिरायला बसले. भाजी काही चिरली गेली नाही.

त्यानंतर मी बघू लागले. हे चहा बघून बांधी म्हणत, मांजर बघून बांधी म्हणत, दीर आला तरी बांधी. बाईंचंच खरं असणार. मग त्या सायकलचं काय? अंगठा थांबला तो नुसताच थांबला असेल. मी कोणाला काही बोलले नाही. रोज सकाळी चाक दाबायचं आणि ह्यांना सांगायचं, धरली, एवढं चालू ठेवलं. त्यांचा तो शब्द तरी जाऊ नये म्हणून. पुढं पुढं दाबणंही सुटलं. चूल पेटवता पेटवता आतूनच ओरडायची, धरली हो.

परवाच्या सकाळी ताप होता मला. उठून कशीबशी चहा घेऊन बाहेर आले, कप ठेवला आणि कुठंही न बघता म्हटलं, "धरली."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान डावीकडे उजवीकडे हलवली, अगदी सावकाश. नाही. हात समोर केला आणि म्हणाले, "बांधी." धुरा नीट न घालणाऱ्या मजुरांवर ज्या आवाजात खेकसायचे, त्याच आवाजात. मी वळून पाहिलं. मागचं चाक रिंगपर्यंत बसलेलं होतं.

म्हणजे ह्यांना सगळं कळतं. चहाला म्हणत होते तेव्हाही काहीतरी म्हणत होते, मांजराला म्हणत होते तेव्हाही. दवाखान्यातून आल्यापासून हा माणूस माझ्याशी रोज बोलतो आहे आणि मला त्यातलं एक चाक तेवढं कळलं. बाकीचं सगळं मी पाणी पाजून आणि पंखा लावून गप्प केलं. खाटेच्या पाटीला धरून मी विचारलं, "अजून काय सांगून राहिले तुम्ही मले?"

"बांधी," ते म्हणाले, यावेळी हळू.

मला कळलं नाही. मी पंप आणला आणि मागच्या चाकाशी बसले.