थोरल्या चुलत्यांचं ड्रेसिंग

आम्ही बाप्तिस्मा घेतला म्हणून थोरल्या चुलत्यांनी माझ्या वडिलांशी बोलणं तोडलं. वडील वारले तेव्हा ते मलकापुराहून मातीलाही आले नाहीत. पुढं शहात्तर साली मी सांगलीला नर्स असताना तेच चुलते माझ्या वॉर्डात दाखल झाले. मधुमेहानं त्यांचा पाय सडला होता. वास सोसवत नाही म्हणून त्यांचा मुलगा दाराबाहेरच बसायचा.

त्यांच्या ड्रेसिंगचं काम मी स्वतःहून मागून घेतलं. मनात माया नव्हती, पण आई रोज प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायची, म्हणून गेले. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "तू धाकल्याची पोरगी न्हवं?"

"व्हय, तात्या."

"तुज्या बापाच्या मातीला मी आलो न्हाई." ते रडायला लागले.

माफ केलं, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं नाही. मी खाली मान घालून पू पुसत राहिले.

दोन दिवसांनी ते गेले. त्यांचं अंग मीच पुसलं.

इस्लामपूरला घरी गेल्यावर आईनं विचारलं, "माफ केलंस न्हवं त्यास्नी?"

मी हो म्हणाले. आईशी मी तेवढं एकच खोटं बोलले.