एडिनबराचा गुळगुळीत अंगठा

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे माझं एडिनबरा हुकलं. लेकीचं तिथलं शिक्षण संपत आलं होतं, आणि पुढे ती सिंगापूरला परत येणार की नाही, हे काही केल्या सांगत नव्हती. "आधी गाव दाखवते, मग बोलू," म्हणाली. म्हणून एका रविवारी दुपारी सिंगापुरातल्या मरीन परेड भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी पाय स्टुलावर ठेवून आणि बायको मेथी निवडत, असे आम्ही फोनसमोर बसलो.

आधी किल्ला, मग उताराने सरळ खाली राजवाडा, असा नकाशा मी पाठ केला होता. पण पोरगी चालली की फोन हेलकावे खायचा. डावीकडचा किल्ला उजवीकडे आला, चर्चचा मुकुटासारखा कळस दोनदा दिसला, आणि राजवाडा म्हणून मी ज्याचं तोंडभर कौतुक केलं ते हॉटेल निघालं.

"बाबा, तू उलटं बघतोयस लाह." वाक्याच्या शेवटी लागणारं सिंगापुरी 'लाह' तिकडे जाऊनही सुटलं नव्हतं.

मी चिडलो. चढ कुठला, उतार कुठला, काही उमजेना. मुख्य प्रश्न तर तसाच राहिला होता.

मग ती एका पुतळ्यापाशी थांबली. कुणी जुना तत्त्वज्ञ. सगळा काळपट हिरवा, पायाचा अंगठा तेवढा चकचकीत पिवळा. परीक्षेआधी मुलं तो चोळतात म्हणे.

"चोळतेस काय? नीट पाया पड," बायको म्हणाली.

अंगठा तोंडासमोरच होता. लेकीने भर रस्त्यात त्यावर कपाळ टेकवलं. इकडे बायकोनेही हात पुसून जोडले.

"अगं, तो माणूस देवाला मानायचाच नाही," मी म्हटलं.

"आपण मानतो ना," बायको म्हणाली आणि फोनकडे वळली. "काय मागितलंस गं?"

लेकीने कपाळ पुसलं. "आई, इथे जॉब मिळालाय. तुम्ही दोघांनी हो म्हणावं, एवढंच."

मला वाटलं, आता ही तिला चांगली झापेल. लेक कधी येते म्हणून वर्षभर डोळे लावून बसली होती. तर हिचेच डोळे भरले. "अहो, मी तर आत्ता हात जोडून म्हटलं, पोरीच्या मनासारखं होऊ दे. नेहमी तेच म्हणते मी."

रागवावं कुणावर, तेच कळेना. मला ती घरी हवी होती. स्क्रीनवर ती पातळशा कोटात माझ्याकडे बघत उभी होती, केस वाऱ्याने तोंडावर येत होते.

"या कोटात भागायचं नाही तुझं," मी म्हटलं. "आता चांगला जाड घे एक."