एक्केचाळीस मिनिटं

अख्ख्या घाटनांदुरात श्वास कसा घ्यावा हे एकट्या माझ्या मावसभावालाच कळतं. बाकीचे आम्ही आपले नाक आहे म्हणून हवा ओढतो. त्याला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस आहे. छातीत चिकट कफ साचतो, खोकला पाठ सोडत नाही, पण दुसऱ्या कुणाला त्याची लागण होत नाही. हे तो मोबाइल दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता सांगतो. श्वासाचे स्नायू बळकट व्हावेत म्हणून डॉक्टरांनी त्याला एक नळी दिली आहे. तिच्यातून श्वास आत ओढायला चांगलाच जोर लागतो. नळी ओढताना नाक बंद ठेवायची क्लिप हरवली, तर पठ्ठ्याने मावशीचा कपडे वाळत घालायचा चिमटा नाकाला लावला आणि तसाच दुकानात बसला. गिऱ्हाईक "माझ्या फोनचं काय झालं?" म्हणून ओरडतंय आणि हा बोटांनी दाखवतोय, अजून दहा श्वास राहिले! घामातून त्याच्या अंगातलं मीठ फार जातं, म्हणून उन्हाळ्यात खिशात मिठाची पुडी. उसाच्या रसात ते सढळ हाताने घालतो आणि वर आम्हालाच म्हणतो, "तुमाला चवच कळत न्हाई."

आणि पळणं! धापा टाकत, खोकत, मध्येच थांबत, पण रोज. गावच्या शर्यतीत तर त्याचं नाव ठरलेलंच. मी शाळेत खेळाचा शिक्षक, त्यामुळे वेळ मोजायचं काम माझ्याकडे. यंदा बाकीचे सगळे पळून आले, पाहुणे पोह्यांसाठी खोळंबले, आणि मी शहाणा घड्याळ बंद करून त्यांच्या मागे गेलो. हा अजून रस्त्यावर आहे हे मला पक्कं माहीत होतं. माझी दुसरी बशी चालू असताना तो घामाघूम होऊन आला.

"दादा, किती लागले?"

"एक्केचाळीस मिनिटं," मी ठोकून दिलं.

"गेल्या साली सेहेचाळीस लागलते! नळीचा गुण हाय, दादा! लई फरक पडला!" तो मावशीला सांगायला सुटला. मावशीने गल्लीभर साखर वाटली, माझ्याही हातावर ठेवली. ती मी खाल्ली. जराही लाज वाटली नाही मला!

त्यानंतर तो चाळिसाच्या आत यायच्या मागे लागला, नळीही दुप्पट ओढू लागला. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. पुढच्या वेळी खरीच पंचेचाळीस मिनिटं लागली, तर हा समजणार, आपली छाती खचली. रात्रंदिवस तेच डोक्यात घोळायला लागलं.

काल दुकानात जाऊन सगळं सांगून टाकलं. त्याने हातातला मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाला, "मंग खरे किती लागले आसतील?"

मला मान वर करवेना.

"आसू द्या, दादा," त्यानेच माझ्या पाठीवर हात ठेवला. "उद्या सकाळी पुन्हा पळतो. फकत तुमी मी येईस्तोर थांबा."