खडीत पडलेली चांदीची डबी

माझ्या सासऱ्यांचं अर्धं आयुष्य गावचा रस्ता डांबरी व्हावा म्हणून पंचायतीत खेटे घालण्यात गेलं. आणि त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, साठीला टेकल्यावर मुद्दाम खडीवर चालवायची सायकल घेतली. जाड टायरची, खाली वळलेल्या हँडलची, माझ्या माहेरच्या नांदेडहून मागवलेली. मला न विचारता माझ्यासाठीही एक. डॉक्टरांनी साखरेवर नुसतं चालायला सांगितलं होतं, पण चालणं म्हणे म्हाताऱ्यांचं काम. लातूरच्या भुसार बाजारात आठवडाभर गादीवर बसणारा माणूस रविवारी पहाटे घट्ट कपड्यांत निघतो आणि त्याच्या मागे मी, पंजाबी ड्रेसवर हेल्मेट घालून. शेजारीपाजारी बघतात. बघोत बापडे. लाजायलाही अंगात जोर लागतो, आणि तो माझ्यात उरलेला नाही.

शिवरात्रीच्या आधीच्या रविवारी खरोशाची लेणी ठरली. वाटेत औशाचा किल्ला, दोन जुन्या गढ्यांची गावं, मग द्राक्षबागांमधून खडीचा कच्चा रस्ता. ह्यांच्या मनात आलं की पूजा घरी न करता लेण्यातल्या महादेवापुढे करायची.

आम्ही लिंगायत. मूल जन्मलं की स्वामी येऊन त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. ते चांदीच्या डबीत असतं आणि माणसाबरोबर शेवटपर्यंत राहतं. मेल्यावर पुरायला मातीत बसवतानाही त्याच्या हातात तेच देतात. रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची, मगच तोंडात घास. एकाचं लिंग दुसऱ्याला चालत नाही, नवऱ्याचं बायकोलासुद्धा नाही. हरवलं तर स्वामींकडून नवं घेईपर्यंत उपाशी राहायचं. आता हे सगळं पाळणारी घरं कमी झालीत, पण आमच्या ह्यांच्यापुढे कुणाचं चालत नाही.

म्हणजे पूजा खरोशाला, तर खाणंही खरोशाला. आणि निघताना बघते तर ह्यांनी सवयीने साखरेची गोळी गिळलेली.

“आता कायतरी खावंच लागंल, न्हाईतर साखर उतरंल,” मी म्हणाले.

“दोन तासांत पोचतो की. गोळीला काय घड्याळ हाय का?”

“तिलाच हाय. तुम्हाला न्हाई.”

भांडण दारातच संपवलं, कारण मला दम राखून ठेवायचा होता. माझीही पूजा राहिलीच होती. एकटीने खाऊन निघायचं मला जमलं नाही.

औशापर्यंत डांबर होतं, बरं चाललं. किल्ला उजवीकडे ठेवून आम्ही आत वळलो आणि खडी लागली. ती हाताच्या मनगटात बसते, मग मानेत, मग डोक्यात. लोक फोटो काढून टाकतात, त्यात हे काही दिसत नाही. हे पुढे वाकून पायडल मारत होते. वाकलं की गळ्यातली डबी लोंबून हँडलवर टकटक आपटायची. म्हणून ह्यांनी ती फिरवून पाठीवर टाकली. मी अगदी मागोमाग असते तर डबी पाठीवर उड्या मारताना मला दिसत राहिली असती. पण मी फार मागे पडले होते. चढ आला की मी उतरून चालते, आणि त्या दिवशी मला प्रत्येक चढ हा चढच वाटत होता.

एका बागेपाशी हे माझी वाट बघत थांबले होते. तारांवर बसक्या वेली, बारीक काळे मणी. “दारूची द्राक्षं हायत ही,” तोंड वाकडं करून म्हणाले, “आपल्याच माणसाची बाग. कपाळाला भस्म लावतो आन् कारखान्याला वाईनचा माल देतो.” त्या माणसाचा चांगला उद्धार करून झाल्यावर ते पुढे निघाले.

पुढच्या गावात, पडक्या वेशीशी मी त्यांना गाठलं तेव्हा हे सायकल टाकून उभे होते. एक हात गळ्याशी, एक पाठीमागे. दोरा तुटला होता. डबी नव्हती.

मी कधी त्यांना तसं बघितलं नव्हतं. दुकानाला आग लागली तेव्हाही हे शांतपणे पाणी मारत होते. आता मात्र आईचं बोट सुटलेल्या पोरासारखे इकडे तिकडे बघत होते. सायकली, पिशव्या, त्यातली गुळाची चिक्की, सगळं वेशीतल्या पारावर तसंच टाकून, नुसती माझी पाण्याची बाटली घेऊन आम्ही चालत मागे निघालो. पांढऱ्या खडीत चांदीची डबी शोधायची. ऊन वर आलेलं. प्रत्येक दगड चमकत होता.

मला डबीची काळजी नव्हती. गोळीची होती. चालता चालता हे म्हणाले, “दुकान उघडलं का गं?” रविवारी दुकान उघडत नाही. मी वळून बघितलं तर अंगाला पाणी सुटलेलं, हात थरथरत होते. डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं सगळं एकेक करून दिसत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, फोनला रेंज नव्हती, आणि हे त्याच द्राक्षबागेच्या बांधाला मटकन खाली बसले.

मी धावत आत शिरले, हाताला लागला तो घड ओढला. धुवायचं भानच नव्हतं, औषधं मारलेली असणार. मणी ओठांना लावले तर दात घट्ट. “पूजा न्हाई झाली,” एवढंच. शुद्ध हरपत चाललेली, पण नेम काही सुटेना! मला इतका राग आला की रडू आलं. ह्या माणसाच्या गोळ्या, ह्याची पथ्यं, ह्याच्या सायकली, ह्याचा देव, सगळं मी वाहत आले आणि हा आता माझ्यासमोर तोंड मिटून मरणार.

मी गळ्यातलं माझं लिंग काढलं. डबी उघडून त्यांच्या डाव्या तळव्यावर ठेवलं आणि म्हणाले, “सापडलं. हे घ्या तुमचं. उरका पूजा.”

त्यांनी कपाळाला लावलं. माझ्या बाटलीतलं पाणी मी त्यावर घातलं. त्यांचे ओठ पुटपुटले. मी नैवेद्य म्हणून घड समोर धरला आणि लगेच मणी फोडून तोंडात पिळायला लागले, एक, मग दुसरा, मग मूठभर. बिया, साल, रस हनुवटीवरून गळत होता. आयुष्यात असं गोड फळ मी हाताळलं नव्हतं. ते गिळत होते. मी देवाला नाही, त्या वाईनवाल्या बागायतदाराला मनातल्या मनात हात जोडले.

कितीतरी वेळाने थरथर थांबली. डोळ्यांत ओळख आली. त्यांनी डबी बंद केली आणि अंगठा तिच्या कडेवरून फिरवला. माझ्या डबीला पोचा आहे, लग्नानंतर लगेचच खलबत्त्यात पडली होती. अंगठा त्या पोच्यावर थांबला.

मला वाटलं, आता ओरडतील. विटाळ, पाप, काय काय काढतील. मी तयारच होते, पण भांडायचं बळ नव्हतं. मी तशीच बसून राहिले, पाय पसरून, चिकट हातांनी.

“तुझी पूजा राहिली की,” ते म्हणाले.

मग त्यांनी डबी उघडून लिंग माझ्या तळव्यावर ठेवलं आणि बाटलीत उरलेलं पाणी स्वतः घातलं. मी पूजा केली. त्यांनी एक मणी माझ्या तोंडात घातला. पुन्हा दोरा माझ्या गळ्यात बांधायला त्यांना बराच वेळ लागला, गाठ बसेना. बांधून झाल्यावर हात मानेवरून काढला नाही.

“मी गेलो तर,” मागूनच म्हणाले, “माझ्या हातात हेच ठिव. माझं तर गेलंच.”

“न्हाई ठिवणार,” मी म्हणाले. “स्वामीकडून नवं घ्या, आन् ते झिजून जाईस्तोवर जगा. हे मला लागतंय.”